२ स्टार देणाऱ्या जिनिंगवाल्या भाऊंना आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यासाठी आम्ही पावतीचं सॉफ्टवेअर बनवतोय. त्यावर तुम्ही लिहिलंत: "दर पंधरा दिवसांनी अर्धवट काम दाखवायला येतात, पूर्ण कधी होणार ते सांगत नाहीत, अन् ऐन हंगामात काटा बंद पाडला." शेवटचं आधी घेतो, कारण ते खरं आहे.

स्प्रिंट, म्हणजे पंधरा दिवसांचा कामाचा टप्पा, संपला की तयार झालेलं सॉफ्टवेअर काट्यावर चढवायचं, ही आमची सवय. दिवाळीनंतरच्या सोमवारी तेच केलं. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि पावती निघेना. अडीच तास तुमच्या माणसांनी हातानं पावत्या फाडल्या. हंगामात चालत्या काट्याला हात लावू नये, हे यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या मला कोणी सांगायला नको होतं. चूक माझी, पोरांची नाही. यापुढे काही चढवायचं तर रात्री काटा थांबल्यावर, आणि जुनं व्हर्जन लगेच परत आणता येईल अशी सोय करूनच.

अर्धवट कामाचं मात्र पटलं नाही. तुमच्या यादीत होतं: एक गाडी, एक शेतकरी, एक पावती. दुसऱ्या डेमोला काट्यावरचे काका मागून म्हणाले, "अन् एका गाडीत दोघायचा माल आला तं?" भाडं वाचवायला दोन शेजारी मिळून एकच पिकअप करतात, हे ना तुमच्या यादीत होतं ना आमच्या डोक्यात. पावतीची सगळी मांडणीच बदलावी लागली. सगळं एकदम शेवटी दाखवलं असतं, तर हाच प्रश्न रांगेतल्या शेतकऱ्यानं विचारला असता. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटात १७ जणांनी अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं बनवून दाखवत सुधारत जायच्या सॉफ्टवेअर पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. ठरलेल्या आराखड्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, असं त्यात आहे. त्यांना कापूस माहीत नसेल, पण असे काका नक्की भेटले असावेत.

आता तारीख. तुम्हाला आधी ओलाव्याची कपात हवी होती, मुनीमजींना जीएसटी, चिरंजीवांना मोबाइल ॲप. आम्ही तिघांनाही हो म्हणत गेलो. स्क्रममध्ये, म्हणजे आमच्या अजाइल कामाच्या पद्धतीत, प्रॉडक्ट ओनर, म्हणजे आधी कोणतं काम ते ठरवणारा, एकच माणूस असतो. हे पहिल्याच दिवशी अडून सांगायचं होतं; मोठं गिऱ्हाईक म्हणून तोंड उघडलं नाही.

कपातीचं काम, म्हणजे सीसीआयसारखं (सरकारी भारतीय कापूस महामंडळ) ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात आणि १२ च्या वर माल परत, दोन स्प्रिंटमध्ये होईल, मध्ये दुसरं काही घुसलं नाही तर. या दोन स्प्रिंटचे पैसे घेणार नाही. तुमच्याकडून एक माणूस ठरवा. मला विचाराल तर काकाच. गुरुवारी येतो, या वेळी डेमो ऑफिसात नको, काट्यावरच ठेवू.