पाणवठ्यावर तरी गप्प बसा!

केपटाऊनहून नामिबिया, बोत्सवाना करत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जाणाऱ्या ट्रकच्या सहलीत प्रत्येक वेळी हीच माणसं भेटतात. भांडी घासायची पाळी आली की यांना नेमकी आंघोळ आठवते. तंबू दुसऱ्यांनी पाडायचा आणि खिडकीची जागा मात्र यांची. असो, तेही चालवून घेतलं.

पण नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानातला ओकाउक्वेयो कॅम्प? तिथे कॅम्पच्या कुंपणालगतच पाणवठा आहे, रात्रभर दिव्यांच्या उजेडात. काळा गेंडा, जो जगात अतिसंकटग्रस्त आहे, तो तिथे अंधारातून येऊन पाणी पितो. हत्ती येतात, जिराफ कितीतरी वेळ अंदाज घेत उभं राहतं आणि मगच पाय फाकवून मान खाली घालतं. त्या क्षणी ते सगळ्यात असहाय असतं. आणि नेमकं तेव्हाच आमच्या ट्रकमधल्यांना बिअरचे कॅन फोडायचे असतात, मागच्या सहलीचे किस्से सांगायचे असतात, फ्लॅश मारून फोटो काढायचे असतात! कुणी हळू बोला म्हटलं की तोंड वाकडं. शांतता पाळा अशी विनंती तिथे असते, ती काय शोभेला?

मी भडकते ते झोपमोड झाली म्हणून नाही हो. तहानलेलं जनावर पाणी न पिताच माघारी फिरतं, ते बघवत नाही. गप्पाच मारायच्या तर कॅम्पात बार आहे, तिथे बसा ना रात्रभर!