सातशे एकतीस

'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. जोडणीची सेटिंग्ज दोन्ही मोडेम आपोआप जुळवून घेतात. वापरकर्त्याने हस्तक्षेप करू नये.' मदत केंद्राच्या या उत्तराखाली पिवळा हसरा चेहरा, आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल, अशी लाडिक विचारणा.

हस्तक्षेप करायला आधी हात पोहोचावा लागतो हो! मला एका आडबाजूच्या पंपघरातल्या जुन्या संगणकाकडून पाण्याच्या पातळीचे आकडे हवे होते. बाकी काही नको. तिथे इंटरनेट नाही, टेलिफोनची तार आहे. तारेच्या त्या टोकाला एक म्हातारा मोडेम, म्हणजे संगणकाचं बोलणं आवाजात बदलून टेलिफोनवरून पाठवणारी पेटी; या टोकाला माझा नवा, यूएसबीत खोचायचा, बोटाएवढा. माझ्या संगणकाने फोन लावायचा, त्याच्याने उचलायचा, दोघांनी आपापसात काय ते ठरवायचं आणि आकडे यायचे. कागदावर मामला एवढाच होता. पण पंपघरात काका होते.

काका म्हणजे तिथले रखवालदार. अतिशय सज्जन, आणि तोच सगळा घोळ. फोन वाजला की उचलायचा, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मोडेम दुसऱ्या घंटीला उचलणार, असं ठरवून ठेवलेलं. काका पहिली घंटी पुरती होऊ देत नसत.

"हॅलो, पंपघर."

माझ्या मोडेमला पंपघर वगैरे काही कळत नाही. तो एका ठरावीक शिट्टीची वाट पाहत ५० सेकंद थांबतो आणि 'नो कॅरिअर' म्हणून फोन आपटतो. तेवढा वेळ काका बिचारे त्याच्याशी बोलत राहायचे. "हॅलो... बोला... आवाज येत नाहीये तुमचा... जरा मोठ्यानं बोला."

मी त्यांच्या मोबाइलवर फोन केला. "काका, तो फोन वाजला तर उचलायचा नाही."

"का बरं?"

"तो मोडेमसाठी आहे."

"ते आता ड्यूटीवर नाहीत. मीच आहे."

"मोडेम म्हणजे ती छोटी पेटी, काका. दिवे लुकलुकतात ना, ती."

"हां, ती पेटी. मग तिचा फोन मी घेतला तर बिघडलं काय? निरोप सांगतो की तिला."

मी खूप समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्यापाशी अजूनही नाही. "साहेब, वाजतोय तरी उचलायचा नाही, तर मग तो फोन ठेवलाय कशाला?"

शेवटी तडजोड झाली. पेटीने उचलल्यावर काकांनी रिसीव्हर हळूच कानाला लावायचा, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही आणि काय ऐकू येतं ते मोबाइलवर मला सांगायचं. खरं तर याची गरज नव्हती. माझ्या मोडेमलाही भोंगा आहे. पण काकांना काहीतरी काम दिल्याशिवाय ते गप्प बसणार नाहीत, हे मी ओळखलं होतं. पुढचं समालोचन असं झालं :

"उचलला बरं का पेटीनं. शिट्टी मारतेय. लांब शिट्टी. दम चांगला आहे. अजून मारतेय. मध्येच किंचित अडखळतेय, साहेब, ठेका धरल्यासारखी. थांबली. आता खरखर सुरू झाली. भांडतायत वाटतं. मी बोलू का मध्ये?"

"नको!"

"नाही, समजूत घातली असती."

काकांचा कान तयार आहे, हे मान्य केलं पाहिजे. ती शिट्टी २१०० हर्ट्झची असते आणि ती खरोखरच अडखळते : दर ४५० मिलिसेकंदांनी तिची कला (फेज) उलटते, म्हणजे लहरीचा चढ तिथे उतार होतो. लांब पल्ल्याच्या तारांवर माणसांच्या बोलण्यातला प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा बसवलेली असते. या अडखळण्यातून तिला कळतं की आता माणसं नाहीत, मोडेम बोलतायत, तू बाजूला हो. नवे मोडेम त्याच शिट्टीत आणखी एक बारीक थरथर शोधतात, सेकंदाला १५ वेळा वरखाली होणारी. थरथर सापडली तर समोरचा १९९४ च्या व्ही.८ नियमांतला ('व्ही.' म्हणजे मोडेमनी आपसात कसं बोलायचं याच्या नियमांची मालिका), मग काय काय येतं याच्या याद्यांची देवाणघेवाण होते. नाही सापडली तर समोर कुणी बुजुर्ग आहे असं धरून नवा मोडेम निमूट जुन्या रीतीवर येतो. माझा २००० सालच्या व्ही.९२ मधला, वेळ पडली तर सेकंदाला ५६००० बिट, म्हणजे शून्य-एकाच्या खुणा, इतक्या वेगाने धावायची तयारी असलेला; पंपघरातला १९८४ च्या व्ही.२२बिसमधला, २४०० च्या पुढे न जाणारा. तरी दोघांचं जमलं. माझ्याने एकेक पायरी उतरत त्याला गाठलं. चुका दुरुस्त करायची व्ही.४२ पद्धत येते का, म्हणून विचारून पाहिलं. पलीकडून काही उत्तर आलं नाही. मग तीही सोडून दिली. इतका समंजसपणा मी माणसांच्या बैठकीत पाहिलेला नाही.

पडद्यावर आलं : 'कनेक्ट ११५२००'.

या आकड्याबद्दल मला कुणाशी तरी भांडायचंच आहे. तारेवरचा वेग २४००. मग ११५२०० कुठला? तर माझा संगणक आणि त्याच्याच पोटात खोचलेला माझाच मोडेम, या दोघांतला! म्हणजे परगावी फोन लावल्यावर पलीकडे काय चाललंय हे सांगायचं सोडून 'तुमचा हात आणि तुमचा कान यांच्यातला संपर्क उत्तम आहे' असं कळवायचं. आज्ञा देऊन हे बदलता येतं म्हणे. पण ज्याला ती आज्ञा ठाऊक असते त्याला ते सांगायची गरज नसते, आणि ज्याला गरज असते तो त्या आकड्याकडे पाहून खूश होतो.

मीही खूश झालो. कारण लगेच पुढचा शब्द आला 'पंप', इंग्रजीत, चारही अक्षरं ठणठणीत. त्यानंतर मात्र एक डाग, मग एच, डाग, मग यू आणि एस, पुन्हा डाग. खाली लॉगिनच्या जागी दोन डाग, जी, डाग, एन. मी एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म!

या धंद्यातल्या जुन्या लोकांनी एक गोष्ट शिकवून ठेवली आहे : सगळाच कचरा दिसला तर वेग चुकलाय, निम्मा कचरा दिसला तर पॅरिटी. पंपघराचा संगणक अक्षरासाठी सात बिट वापरतो आणि आठवा बिट हजेरीचा, हीच ती पॅरिटी. आठ बिटांत मिळून 'एक' हा आकडा समसंख्येने यावा म्हणून तो शून्य किंवा एक होतो. माझा संगणक आठही बिट अक्षराचेच धरतो. सुरुवातीचा आणि शेवटचा (स्टॉप) बिट मिळून दोन्हीकडे दहाच बिट होतात, त्यामुळे वरवर सगळं मापात बसतं आणि कुणालाही संशय येत नाही. ज्या अक्षरात 'एक' मुळातच समसंख्येने येतो ते अक्षर सुखरूप पोहोचतं, ज्यात विषम ते डाग होऊन पडतं. इंग्रजी 'पंप'ची चारही अक्षरं नशिबाने सम निघाली. आणि एंटर? एंटरच्या संकेतात एक तीन वेळा येतो. विषम! मी दार ठोठावत होतो आणि माझं ठोठावणंच बाद होत होतं.

आता खरा राग येतो तो इथे. माझ्या मोडेमला माझी पॅरिटी माहीत असते. प्रत्येक आज्ञेच्या आधी 'एटी' ही दोन अक्षरं पाठवावी लागतात. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासूनची ही चाल. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांची ती पेटी. 'ए'चा पहिला बिट एक असल्यामुळे त्याच्या आधीचा सुरुवातीचा शून्य बिट एकटा उठून दिसतो. तो किती वेळ टिकला हे मोजलं की वेग कळतो. 'ए'मध्ये एक दोनदा, 'टी'मध्ये तीनदा, म्हणजे एक सम, एक विषम. दोघांचे आठवे बिट पाहिले की पॅरिटी कळते. नुसत्या दोन अक्षरांत केवढी अक्कल! तिकडच्या म्हाताऱ्यालाही त्याच्या संगणकाबद्दल हे सगळं असंच कळलेलं असतं. दोघे मोडेम तारेवर अख्खी मसलत करतात, वेगापासून चुकांपर्यंत सगळं बोलतात, आणि आपापल्या संगणकांची ही एक गोष्ट एकमेकांना सांगत नाहीत. ते म्हणे त्यांच्या कामात येत नाही. त्यांचं काम तारेपुरतं. तारेच्या दोन्ही बाजूंना जे उरतं ते वापरकर्त्याचं, आणि वापरकर्त्याने हस्तक्षेप करायचा नाही.

मी मदत केंद्राला फोन केला.

"सर, सेटिंग ऑटोवर ठेवा."

"ऑटोवरच आहे."

"मग होईल, सर."

"होत नाहीये."

"मग ऑटोवर नसेल, सर."

यावर माणसाने काय बोलावं? पलीकडच्या मुलाची चूक नाही. त्याच्यापुढे कागद असतो आणि त्या कागदावर 'होत नाही' अशी ओळच नसते. पण कुणीतरी तो कागद लिहिलाय. जिथे यंत्र थांबतं तिथून पुढचं सगळं ग्राहकाच्या माथी मारायचं, हे कुणाला तरी सुचलंय आणि त्याला त्याबद्दल शाबासकीही मिळाली असणार.

मी पुन्हा काकांकडे वळलो.

"काका, त्या संगणकाच्या खोक्यावर काही लिहिलंय का?"

"लिहिलंय. 'हात लावू नये.'"

"त्याखाली?"

"खाली एक चिठ्ठी चिकटवलीय, पण तिच्यावर धूळ आहे. पुसायची म्हणजे हात लावावा लागेल."

"लावा."

"तसं लेखी पाठवता?"

मी पाठवलं. 'धूळ पुसण्यापुरता हात लावण्यास हरकत नाही', खाली माझं नाव. काकांनी तो संदेश दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग फुंकर ऐकू आली, मग शिंक.

"दोन आकडे आहेत, साहेब. एक दोन हजार चारशे. दुसरा सातशे एकतीस."

दोन हजार चारशे म्हणजे वेग, हे ठीक. पण सातशे एकतीस? या नावाचा वेग नाही, सातशे एकतीस नावाचं काही मानक मला आठवेना. यंत्राचा क्रमांक? खोलीचा? मी जुनी कागदपत्रं उपसली. मोडेमच्या आज्ञांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. माझा वेळ गेला, डोळे गेले, आणि त्या पिवळ्या चेहऱ्याबद्दलचं माझं मत आणखी खाली गेलं. शेवटी काकुळतीला येऊन म्हटलं, "काका, जरा नीट पाहून सांगा हो. सातशे एकतीसच आहे ना?"

"आहे तसं सातशे एकतीसच. फक्त मधला तीन उलटा काढलाय."

"उलटा म्हणजे?"

"म्हणजे इंग्रजी तीन, तोंड फिरवून बसलेला. लिहिणाऱ्याची चूक, दुसरं काय! म्हणून तुम्हाला सांगताना मी सुधारून सांगितलं."

सात, उलटा तीन, एक. सात बिट, 'ई' म्हणजे इव्हन (सम) पॅरिटी, एक स्टॉप बिट!

काकांना काही म्हणण्यात अर्थ नव्हता. या सगळ्या प्रकरणात न सांगता, न विचारता, पूर्णपणे आपोआप जुळवणी केली होती ती फक्त त्यांनी.

सेटिंग बदलली. फोन लावला. शिट्टी, अडखळणं, खरखर. 'कनेक्ट', मग 'पंप', आणि पुढची सगळी अक्षरं धुतल्यासारखी स्वच्छ. एंटर दाबलं, दार उघडलं. आकडे यायला लागले, ओळीमागून ओळ, २४०० च्या संथ चालीने. मी आनंदाच्या भरात मोबाइलवर ओरडलो, "लागलं, काका, लागलं! आकडे यायला लागले!"

"अरे वा! अभिनंदन, साहेब," काका म्हणाले, आणि लागोपाठ खट्ट आवाज आला.

पडद्यावर आकड्यांच्या मधोमध डागांची एक लाट आली, मग 'नो कॅरिअर'.

"काका! तो फोन उचललात का?"

"हो. म्हटलं, एवढं जमवलं त्यांनी, तर त्यांचंही अभिनंदन करावं. पण मी हॅलो म्हटलं आणि त्यांनी ठेवूनच दिला. साहेब, त्यांना जरा समजवा बुवा. मोठ्या माणसाशी असं वागतात होय?"