खाण तशी माती म्हणे!

आज सकाळी पोळ्या लाटता लाटता मोबाईल बघितला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकलाय. अमेरिकेतल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाची गोष्ट (तिकडचा फुटबॉल, चेंडू हातात धरून पळायचा), आणि खाली काकांचं स्वतःचं वाक्य, "शेवटी खाण तशी माती. रक्त बोलतंच." त्यावर भराभर अंगठे आणि हात जोडलेले. आमची लेक दत्तक आहे हे त्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. बारशाला जेवून गेलेत सगळे.

तिथे उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर दुपारपर्यंत आईला चार फोन गेले असते. म्हणून इथे लिहितेय.

गोष्ट खरी आहे आणि मला ती आधीपासून माहीत होती. आम्ही सहा वर्षं सिनसिनाटीला होतो. तिथून गाडीनं तासाभरावर ऑक्सफर्ड नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे मायामी विद्यापीठ. फ्लोरिडातलं मायामी वेगळं, हे ओहायोतलं. इथून इतके फुटबॉल प्रशिक्षक घडले की त्याला 'क्रेडल ऑफ कोचेस' म्हणतात, प्रशिक्षकांचा पाळणा. तर या पाळण्यातले दोघं, शर्मन स्मिथ आणि डिलँड मॅकलो. दोघंही रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू, दोघंही पुढे रनिंग बॅकचे प्रशिक्षक. आणि मॅकलो पंचेचाळिशीला टेकल्यावर कळलं की स्मिथ त्याचे जन्मदाते वडील आहेत.

फॉरवर्डमध्ये एवढंच आहे. बाप रनिंग बॅक, मुलगा रनिंग बॅक. बाप कोच, मुलगा कोच. संपली गोष्ट, जोडा हात.

अहो, दोघांची ओळख झाल्यापासून नातं कळेपर्यंतची सत्तावीस वर्षं कुठे गेली? आणि त्याआधीचं बालपण?

नीट सांगते. ओहायोत यंगस्टाउन म्हणून पोलादाच्या कारखान्यांचं शहर आहे. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये तिथला एक मोठा कारखाना बंद झाला आणि पाचेक हजार माणसं घरी बसली, आजही लोक त्या दिवसाला 'काळा सोमवार' म्हणतात. त्या शहरात मॅकलो वाढला. जन्म पिट्सबर्गचा, डिसेंबर १९७२. जन्म देणारी आई सोळा वर्षांची होती. मुलाचा बाप तेव्हा कॉलेजात खेळत होता आणि तिनं त्याला काही सांगितलंच नाही. बाळ दत्तक गेलं. दत्तक घेणारा बाप बाळ लहान असतानाच घर सोडून गेला. राहिली एक बाई. तिनं एकटीनं वाढवलं. कारखाने बंद पडत चाललेल्या गावात, हातात कधी पैसा असेल, कधी नसेल, अशा घरात तिनं त्या पोराला शाळेत घातलं, खेळायला पाठवलं, वळण लावलं.

काकांच्या फॉरवर्डमध्ये या बाईबद्दल एक ओळ नाही. अर्धी ओळसुद्धा नाही! माझा सगळा संताप तिथून सुरू होतो.

इथे मला आमच्या घरातलं सांगायचंय. माझे वडील, अण्णा, हात पाठीमागे बांधून चालायचे आणि जुन्या गुडघेदुखीमुळे डावी चप्पल जरा घासत टाकायचे. आमची लेक दीड वर्षाची घरी आली. चालायला लागली ती अण्णांच्या मागे. रोज सकाळी दूध आणायला दोघं जायचे. चार वर्षांची झाली तेव्हा तीसुद्धा हात मागे बांधून, डावी चप्पल घासत चालायला लागली. एका लग्नात कुणाच्या तरी आजेसासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "चाल बघा पोरीची, अगदी आजोबांवर गेलीय. रक्त लपतं का कुठे!" शेजारच्या बाईनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई! तरीच म्हटलं."

काय तरीच? सात वर्षं झाली, ते 'तरीच' अजून माझ्या कानात आहे.

असो. स्मिथकडे येते. हा माणूस कॉलेजात क्वार्टरबॅक होता, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा. १९७६ मध्ये सिअॅटल सीहॉक्स हा संघ नव्यानं उभा राहिला, त्यांनी याला घेतलं आणि रनिंग बॅक केलं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रनिंग बॅकनं चेंडू पोटाशी धरायचा, समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत फट शोधायची आणि ती मिटायच्या आत घुसायचं. जवळजवळ दर वेळी कुणीतरी अंगावर येऊन आपटतंच. गुडघे लवकर जातात, कारकीर्द लवकर संपते. स्मिथ तरी आठ हंगाम टिकला, शेवटचा सॅन दिएगोकडून. मग तो आपल्या जुन्या विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून परत आला, १९९० मध्ये. आणि नव्या खेळाडूंच्या शोधात आपल्याच गावी, यंगस्टाउनला, एका घरी जाऊन बसला. मॅकलोच्या घरी. त्याच्या आईशी बोलला, मुलगा आमच्याकडे पाठवा म्हणाला.

तो तिथे मुलगा शोधायला गेला नव्हता. खेळाडू शोधायला गेला होता. या माणसाची पद्धत अशी की खेळाडूंना सांगायचा, तुम्ही बाप शोधत नसाल, पण मी तुम्हाला मुलासारखंच वागवणार. एकट्या मॅकलोला नाही, सगळ्यांना! त्यातल्या किती जणांशी त्याचं रक्ताचं नातं होतं?

लवकरच तो दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि पुढे व्यावसायिक लीगमध्ये. टेनेसीत एडी जॉर्ज नावाच्या रनिंग बॅकला त्यानं घडवलं. सिअॅटलला परतल्यावर मार्शॉन लिंच हा रनिंग बॅक त्याच्या हाताखाली होता, २०१४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सीहॉक्सनं डेन्व्हरला ४३-८ असं चोपलं तेव्हासुद्धा. मॅकलोशी मात्र त्यानं संबंध ठेवला. लोक म्हणायचे दोघं दिसायला सारखे आहेत. दोघंही ते हसून सोडून द्यायचे.

आणि मॅकलोची कारकीर्द काही वारशात मिळालेल्या जमिनीसारखी चालत आली नाही. विद्यापीठात त्यानं धावांचे विक्रम केले, चार हजारांवर यार्ड. १९९६ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाच्या सरावाच्या हंगामात तो साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड धावला आणि त्याच वेळी गुडघ्यानं दगा दिला. मग कॅनडाच्या लीगमध्ये विनिपेगकडून खेळला. मग खेळ संपला. मग शाळेत शिकवलं, मुख्याध्यापक झाला. प्रशिक्षकाच्या कामात रीतसर आला तेव्हा चाळिशी जवळ आली होती. मायामीत सुरुवात केली, मग बरीच वर्षं इंडियाना विद्यापीठात काढली. तिथे २०१४ मध्ये त्याच्या हाताखालचा टेविन कोलमन एका हंगामात २,०३६ यार्ड धावला. मधे एकदा सिअॅटलला जाऊन त्यानं स्मिथच्याच हाताखाली उमेदवारी केली, वही-पेन घेऊन, शागिर्दासारखी. दोघांनाही काही माहीत नसताना!

हे मला काकांना ओरडून सांगावंसं वाटतं. माहीत नसताना!

रनिंग बॅकचा प्रशिक्षक काय शिकवतो? चेंडू धरायला. ऐकायला सोपं वाटेल, पण चेंडूचं टोक बोटांच्या पकडीत, मग हात, दंड आणि बरगडी यांच्यात तो दाबलेला, कुठूनही फट नाही, कारण समोरचा मुठीनं तो हिसडून पाडायला टपलेला असतो. पाय कधी टाकायचा, थांबायचं कधी, चेंडू आपल्याकडे नसेल तेव्हा आपल्या क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अंगानं कसं अडवायचं. हे रोज, उन्हात, शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. यातलं काहीही कुणाच्या रक्तात नसतं. अण्णांची चालही लेकीच्या रक्तात नव्हती. रोज सकाळी बरणी घेऊन चालताना ती तिच्या अंगात आली.

बरं, आता एक गोष्ट मला कबूल करावी लागेल. बांधा, चपळाई, असलं काही जन्मातून येत असेल. असेल.

आणि मॅकलोनं स्वतः शोध घेतला, हेही खरं. त्याला चार मुलं. आपल्या घराण्यात कुठले आजार आहेत हेही सांगता येत नाही, ही टोचणी त्याला होती. २०१७ च्या नोव्हेंबरपासून पेनसिल्वेनियात दत्तक गेलेल्या माणसांना आपला मूळ जन्मदाखला मागता यायला लागला. त्यानं मागवला, आईचं नाव मिळालं, तिला फेसबुकवर गाठलं. बोलता बोलता त्यानं विचारलं, वडील कोण? आणि तिनं त्याच्या गुरूचं नाव घेतलं.

हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. दोन कारणांनी. एक तर ती बाई. सोळाव्या वर्षी एकटीनं ते बाळ दुसऱ्याच्या हाती दिलं आणि पंचेचाळीस वर्षं ते मनात ठेवलं. तिला नावं ठेवणाऱ्यांना माझ्या भिंतीवर जागा नाही. आमच्या लेकीलाही अशीच कुणीतरी जन्म दिलाय आणि तिच्यासाठी मी दर वाढदिवसाला देवापुढे दिवा लावते.

दुसरं कारण लिहायला जड जातंय. आपल्याकडेही अठरा वर्षं पूर्ण झाली की दत्तक मुलाला स्वतः अर्ज करून आपली मुळं शोधता येतात. आमची लेक आता अकरा वर्षांची आहे. उद्या तिनं विचारलं तर मी तिच्याबरोबर जाणार, कागद जमवून देणार, हे मी आणि नवऱ्यानं केव्हाच ठरवलंय. तो तिचा हक्क आहे. पण रात्री कधी कधी झोप लागत नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा मला मॅकलोचंच पुढचं आयुष्य आठवतं. स्मिथनं त्याला नाकारलं नाही. तपासणी झाली, खात्री झाली, त्यानं मुलाला जवळ घेतलं. आणि मॅकलो? तो आपलं काम करत राहिला. २०१८ मध्ये कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघाकडे लागला. २ फेब्रुवारी २०२० ला चीफ्सनं सुपर बोल जिंकला, ३१-२०. त्या सामन्यात त्यांचा रनिंग बॅक डेमियन विल्यम्स १०४ यार्ड धावला, शेवटी ३८ यार्डांची दौड मारून त्यानं सामना संपवला. या विल्यम्सला लीगच्या निवडीत कुठल्याही संघानं घेतलं नव्हतं. नको असलेला पोरगा! त्याला तयार करणाऱ्यांत मॅकलो होता. त्याचं आणि विल्यम्सचं कुठलं रक्त बोललं हो काका?

पुढे तो नोत्र दाम विद्यापीठात गेला, तीन हंगामांत तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला, मग लास व्हेगासला रेडर्स संघाकडे. प्रत्येक ठिकाणी कुणा ना कुणाची पोरं उभी केली.

हेच काका ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो न चुकता टाकतात. जोतिबा-सावित्रीबाईंनी काशीबाईचं बाळ १८७४ मध्ये आपलं केलं, तो यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये माय-लेक मिळून रुग्णांची सेवा करत असतानाच सावित्रीबाई गेल्या. फोटोला हार घालायचा आणि घरातल्या दत्तक लेकीसमोर खाण आणि माती काढायची?

काका वाईट नाहीत. आमच्या लेकीच्या पहिल्या आजारपणात रात्री अकराला गाडी घेऊन तेच आले होते, हे मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त लागलं.

अण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली. लेक अजूनही दूध आणायला एकटी जाते, हात मागे, डावी चप्पल घासत. तिचा गुडघा ठणठणीत आहे.

काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रविवारी घरी या. चहाला दूध लागेलच, ती आणायला जाईल. गॅलरीत माझ्याशेजारी उभे राहा आणि तिला कोपऱ्यावरून वळून येताना बघा. मग काय म्हणायचं ते म्हणा, पण माझ्या तोंडावर म्हणा.