आबा सातबाऱ्यावरून उतरत नाहीत

आमच्याकडं मयताचं सगळं वेळेत होतं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, बाराव्याला उत्तरकार्य, पाव्हणे आपापल्या गावाला. सातबाऱ्यावर मात्र आबा खाते क्रमांकासह ठणठणीत असतात. जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 149 म्हणतं, वारसानं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. 'वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू' असा त्याचा घरगुती अर्थ.

खरी गोची झालेली असते त्याच्याही आधी, दवाखान्याच्या खिडकीवर. रात्री दोन वाजता आबांना शेजारच्या पोरानं गाडीवर घालून नेलेलं असतं. केसपेपरवाला नाव विचारतो, पोरगं सांगतं, 'आबा'. पुढं काही बरंवाईट झालं की तेच नाव मृत्यूच्या नोंदीत उतरतं. सातबाऱ्यावर दत्तात्रय रामचंद्र, आधारवर दत्तु रामचंद्र, रेशनकार्डावर दत्तोबा रामा, आणि मेले कोण, तर आबा! म्हणून नोंदीचा फॉर्म भरताना सातबारा आणि आधार दोन्ही हातात धरा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि आबा गेले हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, महावितरण, सगळ्यांना मूळ प्रतच बघायची असते.

नावं जुळत नसतील तर प्रतिज्ञापत्रात 'उर्फ' लावून चारही आबांना एका खाटेवर आणावं लागतं. या प्रतिज्ञापत्राला 500 चा स्टॅम्पपेपर घ्यायची गरज नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. हे बाहेरच्या टायपिंगवाल्याला सांगून बघा. तो आपल्याकडं अशा नजरेनं बघतो, की आपणच खिशातून 500 काढतो.

आता वारसाचा अर्ज. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ अ म्हणजे खात्याचा उतारा, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मयताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येकाचं आधार. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर हा अर्ज घरबसल्या भरता येतो. भरला की नंबर मिळतो. तो घेऊन तलाठ्याकडं गेलं की 'याची प्रिंट काढून आणा' म्हणतात.

कागदावर अर्ज देणार असाल तर दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवकचा, म्हणजे अर्ज पोचल्याचा, शिक्का, तारीख आणि नंबर. ज्याला आवक नंबर नाही तो अर्ज जन्मालाच आलेला नाही, असं समजा. शिक्क्याकडं नीट लक्ष द्या. पॅड सुकलेलं असतं, कारकून शिक्क्याला तोंडाची वाफ देतो, दाणकन आपटतो, आणि कागदावर उमटते फक्त कडेची गोल रेघ. शिवाय तारखेच्या रबरी चाकावर बऱ्याचदा परवाचाच दिवस अडकलेला असतो. दुसऱ्यांदा मारून मागायला लाजू नका. लाजणाऱ्याचा कागद बासनाच्या तळाला जातो.

तलाठ्यांच्या पाटीवर आता 'ग्राम महसूल अधिकारी' आलंय. हाक मात्र 'भाऊसाहेब' हीच. भाऊसाहेब वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क ला, नोंद घेतात, चौकशी करतात, मग फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरतात. इथं घरातला एखादा शहाणा हळूच पुढं येतो, 'भैनींची नावं कशाला घालतायसा? त्यास्नी साडीचोळी केलीया की.' साडीचोळीनं हक्क सुटत नाही. नाव सगळ्यांचं लागतं. नंतर ज्या बहिणीला खरंच सोडायचं असेल तिनं दुय्यम निबंधकांकडं हक्कसोडपत्र नोंदवायचं. नाव लपवून केलेली नोंद पुढं जमीन विकताना उघडी पडते, आणि तेव्हा भाऊबीजेचा खर्च लाखात जातो.

फेरफार धरला की नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं. हरकत आली की नोंद तक्रारी होते, सुनावण्या सुरू. हरकत घेणारा नेहमी तोच चुलता असतो, ज्यानं बाराव्याला सर्वांत जास्त रडून घेतलेलं असतं. हरकत नसेल तर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद मंजूर करतात. सर्कल जागेवर असतील तर!

म्हणून माझं म्हणणं, अर्ज पावसाळ्यात टाकू नका. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली की कार्यालयातली निम्मी माणसं पूरगावात, 43 ला धोका पातळीवर उरलेलीही जातात. त्यांचा काही दोष नाही, पुरात त्यांच्याशिवाय कोण जाणार? पण आपल्याला जुलै-ऑगस्टभर खिडकीवर एकच उत्तर मिळतं, 'पाव्हणं, साहेब पंचनाम्याला गेल्यात. पाणी उतरलं की या की.'

शहरात घर असेल तर हा सगळा खेळ निराळ्या मैदानावर. मिळकत पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा सातबाराच, सिटी सर्व्हेकडं, घरफाळा महापालिकेकडं, लाईट बिल महावितरणकडं. एका ठिकाणी आबा उतरले म्हणून दुसऱ्या ठिकाणी आपोआप उतरत नाहीत. आणि घरफाळ्याची पावती आपल्या नावावर आली म्हणून घर आपलं झालं, असं समजून पेढे वाटू नका. ती फक्त कर कुणाकडून वसूल करायचा याची सोय आहे.

नोंद मंजूर झाली की नवा सातबारा काढून लगेच, तिथंच, स्वतःचं नाव अक्षर-अक्षर वाचा. 'सुनील'चा 'सुशील' झाला असेल तर तहसीलदारांकडं कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे परत आवक, परत तोंडाची वाफ. नाव बरोबर असेल तर महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा घ्या. त्यावर सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्या उताऱ्यावरच छापलेलं असतं. तो घेऊन पीककर्जासाठी सोसायटीत जा. सेक्रेटरी चष्मा कपाळावर सरकवून कागद उलटसुलट करणार आणि विचारणार, 'ह्यावर भाऊसाहेबांचा शिक्का कुठं हाय?'