कॅव्हन्साइट झिओलाइट नव्हे

खनिजांवरच्या एका लेखात कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाला ‘निळा झिओलाइट’ म्हटलंय, ते खटकलं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत तो स्टिल्बाइट या झिओलाइटवर बसलेला सापडतो, म्हणून त्यालाही त्याच गटात ढकलायचं? झिओलाइट गटातल्या खनिजांत सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा सांगाडा तिन्ही दिशांना जोडलेला असतो. कॅव्हन्साइटच्या सूत्रात ॲल्युमिनियम नाहीच. सिलिकेटचे थर आहेत आणि त्यांना व्हॅनेडियम-कॅल्शियम सांधतात. म्हणून तो फायलोसिलिकेट, म्हणजे थरांचा सिलिकेट. तो सुंदर निळा रंगही व्हॅनेडियमचाच.

पेंटॅगोनाइट या त्याच्या जोडीदार खनिजाचा उल्लेख तर हवाच होता. सूत्र तंतोतंत तेच, रचना वेगळी: कॅव्हन्साइटच्या थरात चार आणि आठ टेट्राहेड्रॉनची (एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन असा चौफलकी घटक) वलयं, पेंटॅगोनाइटच्या थरात सहांची. माझ्याकडच्या नमुन्यांत भिंगाखाली फरक कळतो. कॅव्हन्साइटचे स्फटिक एका मध्यातून सगळीकडे फुटून गच्च गोळा करतात. पेंटॅगोनाइटचे लांब, सुटे, आणि जुळे (एकमेकांत वाढलेले) असले तर आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते.