हौस म्हणू नका!

नेमबाजीची हौस आहे तुम्हाला? मग तो शब्द आधी रेंजच्या फाटकाबाहेर काढून ठेवा, चपलांशेजारी. टेबलामागच्या साहेबांनी ‘कशासाठी खेळायचंय?’ असं विचारलं की ‘रविवारी जरा मजा म्हणून’ हे चुकूनही तोंडातून जाता कामा नये. माझ्या गेलं. साहेबांनी पावतीपुस्तक मिटलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बिनआमंत्रणाच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. तुम्ही मात्र ‘ऑलिम्पिक’ म्हणा. वय पंचेचाळीस असो, शर्टाची गुंडी पोटावर ताणलेली असो, पावती तत्काळ फाटते.

मग थोडा इतिहास पाठ करा, भाषणात टाळ्या वाजवताना उपयोगी पडतो. देशाची रायफल संघटना 1951 सालची. पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी. कुठलीच पायरी न चढता नुसते छर्रे उडवणारा सभासद म्हणजे विनातिकीट प्रवासी. यावर रागावू नका, उलट अभिमान बाळगा: 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) ब्राँझ मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीसच होता! त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावायला वर्गणी मागतील, ती द्या. फ्लेक्सवर स्वप्नील कुठे आहे ते मात्र नीट शोधावं लागेल. पदाधिकाऱ्यांच्या गर्दीत, डाव्या कोपऱ्यात, श्रीफळाच्या चित्राखाली बघा.

एअर रायफल घेतलीत? छान. नळी 4.5 मिलिमीटरची आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. हे सोसायटीच्या सेक्रेटरीला, समोरच्या काकूंना आणि चौकीतल्या हवालदाराला तुम्हीच समजावायचं. संघटनेकडे साधं पत्रक मागायला जाऊ नका. लेटरहेड अभिनंदनाच्या पत्रांतच संपतात हो!

संघटना भांडत नाही असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतून नेमबाजी वगळली तेव्हा आपल्याकडे थेट बहिष्काराची भाषा झाली होती. पुढे ती गिळली, पण झाली होती! तुमचा रविवार सकाळचा स्लॉट ‘शिबिरानिमित्त’ तिसऱ्यांदा वगळला म्हणून कोणी बहिष्कार घालावा अशी अपेक्षा करणं बरं नव्हे. त्या तासात पदक कुठे आहे?

दहा मीटरवरच्या रायफल टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो दिसणाऱ्या मंडळींना साडेपाच फुटी तुम्ही दिसत नाही, यात खोट तुमचीच. वार्षिक वर्गणीच्या महिन्यात दिसाल, धीर धरा.

अगदीच हात शिवशिवले तर गावच्या जत्रेत जा. फुगेवाला भविष्यातल्या पदकाची चौकशी करत नाही. रायफल हातात देतो, दस्ता खांद्याला टेकवून घेतो आणि पहिल्या छर्ऱ्याआधीच कानाशी येऊन सांगतो, ‘भाऊ, ही जरा डावीकडं मारती.’