लाखाच्या आत १६० एमएमची सायकल? एक तारा देणाऱ्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या सायकलच्या दुकानाच्या रिव्ह्यूत एक तारा दिला, हरकत नाही. पण तुमचं वाचून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, म्हणून उत्तर खासगीत न देता इथेच देतो. तुमच्या तक्रारी अशा: ९० हजार बजेट सांगूनही आम्ही १६० एमएम ट्रॅव्हलची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली) सायकल दाखवली नाही. "मुलाखत घेतल्यासारखे" प्रश्न विचारले, वजनसुद्धा विचारलं. तुम्ही बाहेरून पसंत करून आणलेल्या जुन्या सायकलीत "आपला माल खपवायला" खोट काढली, वरून ४०० रुपये घेतले. आणि आमच्याकडे लाखात जे मिळत नाही ते ऑनलाइन ३५ हजारांत मिळतं.

पहिल्याचं उत्तर सोपं. दाखवली नाही, कारण ९० हजारांत माझं बिल फाडून देता येईल अशी नवी १६० एमएम सायकल माझ्याकडे नाही आणि कुठल्या दुकानात असेल असं मला वाटत नाही. परदेशी व्हिडिओंत "बजेट" म्हणून दोन हजार डॉलरची सायकल दाखवतात. ती इथे येईस्तोवर तिच्यावर सीमाशुल्क चढतं (२०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरचं मूळ शुल्क ३० टक्क्यांवरून ३५ वर गेलं), त्यावर वाहतूक, त्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला हे खरं, पण तेवढ्याने दोन लाखांची वस्तू ९० हजारांवर येत नाही. नावाजलेल्या कंपनीची १२०-१३० एमएमची साधी फुल सस्पेन्शनसुद्धा आमच्या धंद्यात दीड-दोन लाखांच्या आसपास सुरू होते. १६० तर पुढची गोष्ट.

आता ३५ हजारांच्या "डबल शॉकअप"बद्दल. ट्रॅव्हल म्हणजे चाक किती मिलिमीटर वर सरकू शकतं, एवढंच. वाट जितकी खडतर तितका तो जास्त: क्रॉसकंट्रीला १०० ते १२०, ट्रेलला १२० ते १५०, एंड्युरोला १५० ते १८०, डाउनहिलला २०० च्या घरात. हा आकडा स्टिकरवर छापायला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते चाक वर गेल्यावर त्याला सावकाश, आवरून खाली आणायला. त्यासाठी शॉकमध्ये तेल आणि व्हॉल्व्ह असलेला डॅम्पर लागतो. स्वस्त सायकलीत बहुतेकदा नुसती स्प्रिंग असते. दुकानातल्या तशा एका सायकलीच्या सीटवर तुम्हाला जोरात बसायला सांगितलं होतं, आठवतं का? गादीतल्या स्प्रिंगसारखी तिने तुम्हाला परत वर फेकलं. सपाट फरशीवर मजा वाटते. उतारावर ताशी तीसच्या वेगात एका खड्ड्यानंतर लगेच दुसरा आला की तीच स्प्रिंग मागचं चाक उचलून देते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

तरीही घ्यायचीच असेल तर सोबतचं पुस्तक उघडून वापराची श्रेणी तेवढी बघा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीत श्रेणी १ म्हणजे डांबरी रस्ता. २ म्हणजे कच्चा रस्ता आणि १५ सेंटीमीटरपर्यंतची उडी. ३ मध्ये उडी ६१ सेंटीमीटरपर्यंत जाते, ४ मध्ये १२२ पर्यंत, आणि त्यापुढे ५. खऱ्या १६० एमएम सायकलीला ४ किंवा ५ असायला पाहिजे. "माउंटन" नाव लावून आत श्रेणी २ लिहिलेलं मी स्वतः पाह्यलंय.

वजन का विचारलं? एअर शॉकमध्ये हवा किती भरायची ते सायकलस्वाराच्या वजनावर ठरतं, आणि कॉइल (हवेऐवजी स्प्रिंगचा शॉक) असेल तर स्प्रिंगच वजनाप्रमाणे बदलावी लागते. तुम्ही नुसते सीटवर बसलात की शॉक त्याच्या स्ट्रोकच्या, म्हणजे तो जेवढा दबू शकतो त्याच्या, २५ ते ३० टक्के आत गेला पाहिजे. ६५ एमएम स्ट्रोकचा शॉक असेल तर साधारण १६ ते २० एमएम. ५५ किलोच्या पोरासाठी भरलेल्या हवेवर ९५ किलोचा माणूस बसला तर निम्मा ट्रॅव्हल बसल्याबसल्याच संपला. मग १६० चे पैसे कशाला दिले? वजनाचा प्रश्न जो दुकानदार विचारत नाही, त्याच्याकडून फुल सस्पेन्शन घेऊ नका, माझ्याकडून घ्या न घ्या.

आणि कुठे चालवता ते विचारलं, कारण सगळा हिशेब तिथेच आहे. तुम्ही सांगितलं: रविवारी फुटाळा, सेमिनरी हिल्स, कधी काटोल रोडने गोरेवाड्याच्या बाजूला, आणि वर्षातून एकदा चिखलदरा. भाऊ, आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर पसरलेलं सपाट गाव. सेमिनरी हिल्सचा उतार १६० एमएमची सायकल गरम व्हायच्या आधीच संपतो. चिखलदरा उंच आहे, १,१०० मीटरच्या वर, पण परतवाड्यावरून चढणारा घाट डांबरी आहे, आणि आजूबाजूला मेळघाटचं राखीव जंगल. तिथे मनात येईल त्या पायवाटेने सायकल घालता येत नाही. म्हणजे वर्षातले बहुतेक किलोमीटर मुरूम, गिट्टी आणि डांबर. एवढ्यासाठी १५-१६ किलोची, चढावर डुलणारी सायकल रेटायची, आणि तीही नागपूरच्या उन्हात!

आपल्याकडची आणखी एक गोष्ट कुठल्याच परदेशी व्हिडिओत नसते: काळी माती. पावसाळ्यात शेताच्या कडेने गेलात की ती टायर आणि मागच्या स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मधल्या फटीत भरते आणि चाक जाम होतं. हार्डटेलला (फक्त पुढे शॉक असलेल्या सायकलीला) काडीने उकरून निघता येतं. फुल सस्पेन्शनला तीच माती खालच्या पिव्हटपाशी (फ्रेमच्या हलत्या सांध्यापाशी), बेअरिंगच्या तोंडाशी जाऊन बसते. मग लोक गाड्या धुणाऱ्याकडे नेऊन प्रेशरने धुतात, पाणी सीलच्या आत शिरतं, ग्रीस वाहून जातं, आणि दिवाळीपर्यंत सायकल करकर करायला लागते. उन्हाळ्याचंही तेच. सकाळी २५ अंशांत २०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा ४५ अंशांत साधारण २१४ होते. मे महिन्यात माणसं "शॉक कडक झाला" म्हणत येतात, मी पंप लावून थोडी हवा काढतो, काम झालं. त्याचे मात्र मी पैसे घेत नाही.

आता मुख्य मुद्दा, ती जुनी सायकल. तुम्ही मारबतीच्या दिवशी आलात. अर्धं गाव मिरवणूक बघायला गेलेलं, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पाऊण तास आपण दोघं तिच्यापाशीच उभे होतो. विकणारा ७५ हजार मागत होता. मी काय काय दाखवलं ते इथे लिहितो, खोट होती की माल खपवणं होतं ते वाचणारे ठरवतील.

सीट धरून मागचं चाक जमिनीवरून हलकेच उचललं. टक् असा आवाज आला. परत ठेवलं, परत टक्. बोट खालच्या पिव्हटवर ठेवायला सांगितलं, तुमच्याच बोटाला तो धक्का लागला. म्हणजे बेअरिंग गेलेले, आणि बेअरिंगचं घरही झिजलंय का ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मग पुढच्या शॉकच्या, म्हणजे फोर्कच्या, उजव्या नळीवर नख फिरवायला लावलं. नख अडकलं. दिसायला केसाएवढा ओरखडा, पण प्रत्येक दाबाला तो सील कापतो, तेल बाहेर येतं आणि धूळ आत जाते. त्या मॉडेलच्या नळ्या आता सुट्या मिळत नाहीत, म्हणजे अख्खा फोर्क बदला. आणि चाक २६ इंची! कंपन्यांनी २०१३-१४ नंतर हे माप जवळपास सोडूनच दिलं. २६ इंची, १६० एमएमचा चांगला नवा फोर्क आज शोधून दाखवा.

मागचा शॉक तर कहर होता. विकणाऱ्याने "एकदम मऊ आहे" म्हणून त्याची तारीफ केली होती. शॉक २०० बाय ५७ मापाचा (लांबी आणि स्ट्रोक, एमएममध्ये), २०१६ नंतर शॉकची नवी "मेट्रिक" मापं आली त्याच्या आधीचा. सायकल मोकळी उभी असतानाही तो पूर्ण उघडत नव्हता, बोटभर आतच ओढलेला. मी पंपाने हवा भरली, तरी तिथेच. आतलं मुख्य सील गळून हवा उलट्या कप्प्यात गेली की असं होतं. (कोणाकडे असा शॉक असेल तर घरी पान्याने उघडायला जाऊ नका. आत दाबलेली हवा असते, तुकडा थेट तोंडावर येतो.)

बेअरिंगचा संच, शॉकची पूर्ण सर्व्हिस, फोर्क, घासून टोकदार झालेली कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं), चेन आणि ब्रेक पॅड. मी कागदावर लिहून दिलं, चाळीस हजारांच्या आत बसत नव्हतं. तुमच्याकडे ७५ दिल्यावर उरणार होते १५. यात माझा कुठला माल खपला? तुमच्या मापाची हार्डटेल माझ्याकडे तेव्हा नव्हतीच. १२० एमएमचा एअर फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि थ्रू-एक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असलेली बघा म्हणून मीच तुम्हाला सदर भागातल्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. ते तुम्ही लिहिलं नाही.

४०० रुपयांचं म्हणाल तर तपासणीचा दर काउंटरच्या मागे पाटीवर आहे, सायकल स्टँडवर चढवण्याआधी तोंडीही सांगितला होता, पावती दिली. काम आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा होतात. ७५ हजार वाचवायचे ४०० फार वाटत असतील तर माझा नाइलाज आहे.

फुल सस्पेन्शनचा तुमचा नाद खोटा आहे असं मी म्हणत नाही. मलाही आहे. पण ९० हजारांत तो करायचा तर मी असा करीन: १६० चा हट्ट सोडून १३०-१४० ची, २७.५ किंवा २९ इंची, मेट्रिक शॉकची आणि मागे १२ बाय १४८ एमएमचा एक्सल असलेली जुनी सायकल शोधीन. ६५ च्या वर जाणार नाही आणि उरलेले पैसे सर्व्हिससाठी बाजूला ठेवीन. पुढच्या फोर्कचे खालचे पाय साधारण ५० तास चालवल्यावर उघडून तेल-सील बघावं लागतं, पूर्ण डॅम्पर २०० तासांच्या आसपास. आपल्या धुळीत त्याच्या आधीच. ज्याच्याकडे सर्व्हिसची एकही पावती नाही त्याची सायकल कितीही चकाचक असू द्या, भाव तोडून मागा. मूळ बिल मागा, बॉटम ब्रॅकेटखालचा (पेडलचा आस बसतो त्याच्या खालचा) फ्रेम नंबर त्याच्याशी जुळवा. वेल्डजवळ रंगाला बारीक रेघ दिसली तर हात जोडून निघून या, ॲल्युमिनियम तुटायच्या आधी फार सांगत बसत नाही. आणि हिमाचलात आठ दिवस जायचं म्हणून लांब ट्रॅव्हल हवा असेल, तर तिथेच भाड्याने घ्या. भाड्याने खिसा पोळला तरी विकत घेण्यापेक्षा कितीतरी कमीच लागेल.

तारे वाढवा असं मी म्हणणार नाही. दुसरी सायकल सापडली तर पैसे द्यायच्या आधी तिच्या शॉकवरचा नंबर आणि दोन्ही पिव्हटचे जवळून काढलेले फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा, बघून सांगतो. फोटो बघायचे पैसे नाहीत. सायकल घेऊन येणार असाल तर सकाळी अकराच्या आत या, नंतर शाळेच्या पोरांची पंक्चरं सुरू होतात. गुरुवारी बंद.